माहितीसाठा क्रमांक एक (सजीव)

"कुठलाही हॅकर येऊ दे, माझ्या दवाखान्यातला एक दातसुद्धा त्याच्या हाती लागायचा नाही!" डॉक्टर क्नाउस म्हणाले आणि बिअरचा पेला त्यांनी टेबलावर असा आपटला, की केमिस्ट लांगच्या सूपमधल्या शेवया हलल्या.

जर्मनीतल्या उंटरग्रुबिंगन गावातल्या 'बैल' नावाच्या खानावळीत कोपऱ्यातलं गोल टेबल दर गुरुवारी सात ते नऊ राखीव असतं. एका बाजूला दंतवैद्य राइनहोल्ट क्नाउस, दुसऱ्या बाजूला केमिस्ट लांग. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्या आठवड्यात विषय एकच. पलीकडच्या गावातल्या डॉक्टर झाउटरांचा दवाखाना कुणीतरी लांबूनच, कॉम्प्युटरमधून शिरून, कुलूपबंद केला होता. झाउटरांचे तीन पेशंट अर्धवट भरलेल्या दाढा घेऊन गावभर फिरत होते.

"का रे बाबा, तुझ्याकडे काय वेगळं आहे?" लांगने विचारलं.

"ऐक. सगळ्या पेशंटांची कार्डं पुठ्ठ्याची. कार्डं लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली हेबर्लेबाईंच्या गळ्यात. कॉम्प्युटर एकच, तोही तीन महिन्यांतून एकदा लागतो, बिलं पाठवायला. त्या दिवशी हेबर्लेबाई इंटरनेटची वायर लावतात, बिलं पाठवतात, वायर काढतात आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवतात. हॅकरला आत यायचं तर आधी खिळ्यावरची वायर काढायला यावं लागेल. आणि तो आलाच, तर हेबर्लेबाई त्याला आधी पाय पुसायला लावतील."

टेबल खदखदून हसलं. गोष्ट इथेच संपली असती, तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एकटाच जेवत होता. निळा कोट, बारीक चष्मा, ताटात काही सांडलेलं नाही. त्याने रुमालाने ओठ टिपले आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "माफ करा, कानावर पडलं म्हणून विचारतो. आपण सुरक्षित आहात, उत्तम. पण तसं लेखी आहे का?"

लांगने चमचा खाली ठेवला.

उंटरग्रुबिंगनमध्ये माणसाला तुम्ही लबाड म्हणा, चिक्कू म्हणा, अगदी शेजारच्या बव्हेरियाचा म्हणा, तो हसून सोडून देईल. पण तुमच्याकडे कागद नाही, असं म्हटलं की त्याची झोप उडते. डॉक्टर क्नाउसांकडे एक्स-रे मशीनचं प्रमाणपत्र होतं, चूळ भरायच्या पाण्याचं होतं, आग विझवायच्या नळकांड्याचं होतं. फडताळावरची फाइल काढायच्या तीन पायऱ्यांच्या शिडीचंसुद्धा होतं. ती दरवर्षी तपासली जाते आणि तिच्या पायाला गोल स्टिकर लागतो. पण आपण हॅकरांपासून सुरक्षित आहोत, याचा मात्र एकही कागद नव्हता. छत्तीस वर्षं हा माणूस विनापरवाना सुरक्षित राहत होता.

"टिमो हार्टविग," गृहस्थाने कार्ड पुढे केलं. "सायबर विमा. खास छोट्या खाजगी दंत दवाखान्यांसाठी. पॉलिसीचं नाव 'निर्धास्त दंत प्लस'. प्रमाणपत्र शिक्क्यासकट मिळतं. फ्रेम आमच्याकडून."

"फ्रेम कुठल्या रंगाची?" डॉक्टरांनी विचारलं. आणि तिथेच डॉक्टर कामातून गेले.

पुढच्याच आठवड्यात फॉर्म आला. चौसष्ट प्रश्न. बहुतेकांची उत्तरं हो किंवा नाही. डॉक्टर तो घेऊन काउंटरवर आले.

इर्मट्राउट हेबर्लेबाई त्या काउंटरमागे एकतीस वर्षं बसत होत्या. काउंटरवर त्यांच्या हातची एकच पाटी होती, प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेली: 'विमा कार्डाशिवाय तपासणी नाही'. दर तीन महिन्यांनी नवी तिमाही सुरू झाली की प्रत्येकाने आपलं आरोग्य विम्याचं कार्ड पुन्हा दाखवायचं, हा देशाचाच नियम. पण हेबर्लेबाईंनी तो देशापेक्षा जास्त मनावर घेतला होता. एकदा खुद्द डॉक्टरांच्या बायकोला त्यांनी सुजलेल्या गालासकट कार्ड आणायला घरी पाठवलं होतं.

"प्रश्न सात," डॉक्टरांनी वाचलं. "बाहेरच्या जाळ्यातून होणारी घुसखोरी रोखण्यासाठी आपण कोणती प्रणाली वापरता?"

"खिळा," हेबर्लेबाई म्हणाल्या.

"तसं लिहू?"

"खरं तेच लिहा. नंतर कटकट नको."

डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात 'खिळा' असं लिहिलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: "प्रश्न क्र. ७ च्या संदर्भात आपण नमूद केलेला 'खिळा' आमच्या मान्यताप्राप्त सुरक्षा उत्पादनांच्या यादीत आढळून येत नाही. तरी सदर खिळ्याचा उत्पादक, आवृत्ती क्रमांक व तो शेवटचा अद्ययावत केल्याचा दिनांक त्वरित कळवावा."

डॉक्टरांनी चष्मा वर करून खिळा जवळून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याने ठोकलाय," हेबर्लेबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव साली. अद्ययावत करायचा असेल तर त्यांना थडग्यातून उठवावं लागेल, आणि ते जिवंतपणीसुद्धा एका हाकेत उठत नव्हते."

हार्टविग स्वतः समजवायला आला. बूट दारातच पुसले, कॉफीला नको म्हणाला. "डॉक्टर, अडचण समजून घ्या. तुमचा धोका आमच्या तक्त्यात बसत नाही. जो दवाखाना इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्याला इंटरनेटपासून वाचवायचं कसं? आधी जोडून घ्या. मग आम्ही वाचवतो."

"पण जोडलं नाही तर वाचवायची गरजच काय?" डॉक्टर म्हणाले.

"बरोबर," हार्टविग म्हणाला. "पण मग प्रमाणपत्र नाही."

महिन्याभरात दवाखान्यात चार कॉम्प्युटर आले. पाचवा, सगळ्यांत मोठा आणि सतत घुरघुरणारा, झाडूच्या कपाटात बसवला. झाडू एक्स-रेच्या खोलीत गेले. वायर आता काढता येत नव्हती. ती स्क्रूने पक्की केली होती, कारण कंपनी तिच्यातून दवाखान्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणार होती, आणि ते लक्ष एक मिनिटही तुटलं तर पॉलिसी रद्द होणार होती. खिळा उपटून भोक बुजवलं. पुठ्ठ्याची कार्डं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मग प्रमाणित कागदफाडू गाडी दारात आली. गाडीने छत्तीस वर्षं वीस मिनिटांत फाडली. हेबर्लेबाई हातांची घडी घालून फुटपाथवर उभ्या होत्या. गाडी वळणापार गेल्यावर त्या आत आल्या आणि गळ्यातली किल्ली काढून टाचण्यांच्या डबीत टाकली.

"अभिनंदन," हार्टविग म्हणाला. "आता तुम्ही विमा काढण्यालायक झालात."

"आणि प्रमाणपत्र?"

"तपासणीनंतर."

तोवर पॉलिसीच्या अटी सुरू झाल्या होत्या. पासवर्ड सोळा अक्षरांचा, त्यात एक आकडा, एक चिन्ह आणि नावातलं काही नको. तो दर एकवीस दिवसांनी बदलायचा. कुठे लिहून ठेवायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, पूर्वीच्या चोवीसपैकी एकाशीही तो मिळता नको. शिवाय दर वेळी फोनवर सहा आकडे येणार, ते अर्ध्या मिनिटात टाकायचे. फोन डॉक्टरांच्या खिशात, हात हातमोज्यांत आणि हातमोजे पेशंटच्या तोंडात. शेवटी पेशंटच मदत करायला लागले. ते डॉक्टरांच्या खिशातून फोन काढायचे आणि तोंड उघडं ठेवून आकडे सांगायचे. 'आ, आ, ओ, आ, आ, ई' यातून नेमके आकडे ओळखण्यात डॉक्टरांचा हात चांगला बसला होता. कंपनीने एक प्रशिक्षणही घेतलं. फसव्या ईमेल कशा ओळखाव्यात, यावर डॉक्टरांना शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले. हेबर्लेबाई नापास झाल्या. त्यांनी एकही फसवी ईमेल उघडली नव्हती, पण त्याचं कारण त्यांनी कुठलीच ईमेल उघडली नव्हती. शेऱ्यात लिहिलं होतं: 'सहभाग असमाधानकारक.'

सप्टेंबरच्या सुरुवातीला तपासणी झाली. हार्टविग पांढरी फाइल घेऊन आला. पासवर्ड ठीक, वायर ठीक, झाडूंचं कपाट उत्तम. तो काउंटरशेजारी उभा राहून शेवटची खूण करत होता, तेवढ्यात बेकरीवाल्या क्लिंगबाई आत आल्या.

"या क्लिंगबाई!" हेबर्लेबाईंनी मान वर न करता म्हटलं. "वरची उजवी चौथी, हो ना? मार्चमध्ये सांगितलं होतं, कडक पावाची कड तिकडून चावू नका. तुमच्या आईंचीही चौथीच गेली. आणि रक्त पातळ व्हायची गोळी आज घेतली नाहीत ना?"

हार्टविगचं पेन थांबलं. "हे तुम्ही कशात बघून सांगितलंत?"

"बघायचं काय त्यात?"

"म्हणजे हे लक्षात आहे? आणखी किती जणांचं?"

"सगळ्यांचं," हेबर्लेबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, हा माणूस कौतुक करतोय. "दोन हजार तीनशे चाळीस. त्यातले एकशे दोन वारले, पण त्यांचंही आहे."

अहवाल चार दिवसांत आला. डॉक्टरांनी तो पेशंटच्या खुर्चीत आडवं होऊन वाचला.

"दवाखान्याच्या दर्शनी भागात एक अनोंदणीकृत माहितीसाठा आढळून आला (यापुढे: माहितीसाठा क्र. १, सजीव). सदर साठ्यात २,३४० रुग्णांचे संपूर्ण वैद्यकीय तपशील असून त्यास कोणताही पासवर्ड नाही. साठा विनंतीवरून, तसेच विनंतीशिवायही, माहिती पुरवतो. साठ्याची दुसरी प्रत ठेवण्यात आलेली नाही. साठा दररोज सायंकाळी साडेपाच वाजता परवानगीशिवाय दवाखान्याबाहेर नेला जातो व बसने प्रवास करतो. दर मंगळवारी तो चर्चच्या गायनवृंदात आढळतो. तरी ३० सप्टेंबरपर्यंत साठा कूटबद्ध करावा (सांकेतिक भाषेत बंद करावा) किंवा निर्लेखित करावा (वापरातून काढून टाकावा). अन्यथा पॉलिसी संपुष्टात येईल."

आता पॉलिसी संपुष्टात येऊन चालणार नव्हतं. मार्चमध्ये चाललं असतं. मार्चमध्ये खिळा होता. आता चार कॉम्प्युटर, पक्की वायर आणि कपाटातला तो घुरघुरणारा, सगळं जगाला उघडं होतं. ज्या धोक्याचा विमा काढण्यासाठी डॉक्टरांनी तो धोका विकत घेतला होता, तो आता विम्याशिवाय बाळगायची त्यांची छाती नव्हती.

"म्हणजे मी सगळं विसरले की झालं?" हेबर्लेबाईंनी विचारलं.

"तसा पुरावा द्यावा लागेल."

"विसरल्याचा?"

"लेखी."

"काय काय विसरले त्याची यादी करून देऊ का?"

आठवडाभर डॉक्टरांनी बाईंना कूटबद्ध करून पाहिलं. नाव घ्यायचं नाही, नंबर पुकारायचा. "एक हजार सातशे बारा, आत या," हेबर्लेबाई म्हणायच्या. बाहेर बसलेले नऊजण एकमेकांकडे बघायचे. मग बाई म्हणायच्या, "अहो तुम्ही! घटस्फोटानंतर रात्री दात खायला लागलात ते!" आणि एक गृहस्थ लाल होऊन उठायचे. शुक्रवारी हा उपाय डॉक्टरांनीच बंद केला.

मग निर्लेखनाचा फॉर्म भरला. 'साठ्याचे वय', 'वापराची वर्षे', 'विल्हेवाटीची पद्धत'. शेवटच्या रकान्यात डॉक्टरांनी 'मुदतपूर्व निवृत्ती' असं लिहिलं, तारीख ३० सप्टेंबर. सही करताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या लग्नाचा वाढदिवससुद्धा त्याच साठ्यात आहे. दुसरी प्रत नाही.

"मी घरी जाईन," हेबर्लेबाई म्हणाल्या. "पण डोकं बरोबर नेऊ, का इथे जमा करू?"

"बाई, माझा नाइलाज आहे हो."

"एकतीस वर्षं तुमचा नाइलाजच होता, डॉक्टर. पण तेव्हा तुम्ही मला विचारायचात."

अठ्ठावीस सप्टेंबर, सोमवार. निर्लेखनाला दोन दिवस राहिलेले. खुर्चीत पोस्टातले ग्योत्सराव आडवे, तोंड सुन्न, डॉक्टरांच्या हातात ड्रिल. एवढ्यात कॉम्प्युटरवर ईमेल आली: "अभिनंदन! आपले सुरक्षा प्रमाणपत्र तयार आहे. शिक्का पाहण्यासाठी येथे दाबा."

सात महिने या माणसाने त्या शिक्क्याची वाट पाहिली होती. भिंतीवर फ्रेमची जागा मोजून ठेवली होती. त्याने कोपराने दाबलं.

चारही पडदे काळे झाले. त्यावर पांढरी अक्षरं उमटली: "नमस्कार. आपली सर्व माहिती आम्ही कुलूपबंद केली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. मदत हवी असल्यास खालील चौकोनात लिहा."

ग्योत्सरावांचा एक्स-रे गेला. डॉक्टरांचं ड्रिल हवेत तसंच.

"कुठली दाढ, ग्योत्सराव?"

"आ आ आ," ग्योत्सराव म्हणाले.

"खालची डावी सहावी," दारातून आवाज आला. "आणि त्यांना भूल उशिरा चढते. आणखी दहा मिनिटं थांबा, नाहीतर गेल्या वेळेसारखे चावतील."

डॉक्टर हातमोज्यांसकट फोनकडे धावले. विमा कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर आधी संगीत वाजलं, मग एक प्रसन्न आवाज म्हणाला, "आमची आपत्कालीन सेवा चोवीस तास आपल्या सोबत आहे. सोमवार ते गुरुवार, नऊ ते बारा." घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी हार्टविगला त्याच्या मोबाइलवर गाठलं.

"कशालाही हात लावू नका," हार्टविग म्हणाला. "आमचा तज्ज्ञ येऊन पंचनामा करेल. सतरा नोव्हेंबरला जागा आहे."

"आणि तोवर पेशंट?"

"त्यांनाही हात लावू नका."

बाहेर अकराजण बसले होते. दोघांचे गाल सुजलेले. हेबर्लेबाईंनी एकेकाकडे बघत डॉक्टरांना सांगितलं, कुणाची कुठली दाढ, कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कुणाची कवळी वरची आणि कुणाची उसनी. संध्याकाळपर्यंत अकराजण बरे होऊन घरी गेले. डॉक्टर काउंटरवर टेकले. आज निभावलं, परवानंतर काय? परवानंतर हे डोकं बसने घरी जाणार होतं, कायमचं.

हेबर्लेबाई पडद्यावरचा चौकोन बघत होत्या. "इथे मदत हवी का विचारलंय. मागून बघू?"

"अहो, ते चोर आहेत!"

"पण बाराला बंद होत नाहीत." आणि त्यांनी दोन बोटांनी लिहिलं: "नमस्कार. क्नाउस दंत दवाखाना. कोण बोलतंय?"

चाळीस सेकंदांत उत्तर आलं. "नमस्कार बाई. ग्राहक सेवा विभाग, मार्को. काय मदत करू शक्तो? सारी, शकतो. चुका होतायत. दाढ दुखतेय."

हेबर्लेबाई ताठ बसल्या. "कधीपासून?"

"शनवारपसून. पण आपण रकमेबद्दल बोलूया."

"गार पाण्याने दुखते की गरमने?"

उत्तर आलं: "गरमने. गार लावलं की बरं वाटतं."

"रात्री झोप लागते?"

"नाही हो."

"मग नस सडतेय. रूट कॅनाल लागणार. तीन दिवसांत पू झाला की चेहरा भोपळ्यासारखा होईल. दंतवैद्याकडे का गेला नाहीत?"

"सगळीकडे फोन केले. जानेवारीच्या आत कुणी वेळच देत नाही. आणि लवकर वेळ देणारा एकच डॉक्टर होता, झाउटर म्हणून. पण त्याचा दवाखाना आम्हीच बंद केला."

"शाबास," हेबर्लेबाईंनी लिहिलं. "मी गुरुवारची वेळ दिली असती हो. पण भेटींची वही तुमच्याकडे अडकलीय."

डॉक्टर मागे उभे होते. पडदा लुकलुकला. भेटींची वही उघडली.

"वही मिळाली. पण रूट कॅनालला किती वेळ लागतो ते जुन्या नोंदी बघून ठरवते मी. त्या दिसत नाहीत." नोंदी उघडल्या. "एक्स-रे मशीनशिवाय दाढ उघडता येत नाही, मार्को." मशीन उघडलं. "आणि बिलं छापता आली नाहीत तर डॉक्टर कामच करत नाहीत, स्वभाव आहे त्यांचा." बिलंही सुटली. सात वाजेपर्यंत दवाखान्यातलं एकही कुलूप शिल्लक नव्हतं.

"गुरुवार, दहा चाळीस," हेबर्लेबाईंनी लिहिलं. "पूर्ण नाव, जन्मतारीख, फोन, आरोग्य विमा कुठला?"

मार्कोने सगळं दिलं. आडनावाची अक्षरंसुद्धा सुटी करून सांगितली.

"बाई!" डॉक्टर ओरडले. "नाव, पत्ता, सगळं आलं! पोलिसांना फोन लावतो."

"पेशंट आहे तो आता," हेबर्लेबाई म्हणाल्या. "पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही. एवढा विमा काढलात, एवढं तरी शिका."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. मग निर्लेखनाच्या फॉर्मची आपल्याकडची प्रत काढून तिचे चार तुकडे केले, आणि त्याच रात्री कंपनीला पॉलिसी बंद करायचं पत्र लिहिलं. वायर काढणार, कार्डं पुन्हा पुठ्ठ्यावर उतरवणार आणि हेबर्लेबाई आपल्या जागी बसणार.

तज्ज्ञ पाठवायला कंपनीला सात आठवडे लागतात. पत्र पाठवायला एक दिवस पुरतो. बुधवारी, तीस तारखेला, हेबर्लेबाईंनी स्वतःच्या निरोपासाठी भाजलेला आलुबुखारचा केक कापायला घेतला होता. निरोप रद्द झाला तरी केक कशाला फुकट घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात पोस्टातले ग्योत्सराव पत्र घेऊन आले आणि केकचा तुकडा उजव्या बाजूने चावत उभे राहिले.

पत्रात चार मुद्दे होते. एक: माहिती परत मिळाल्याने नुकसान झालेले नाही, सबब भरपाई देय नाही. दोन: वायरीतून केलेल्या अखंड निरीक्षणात आढळल्यानुसार, चोरास कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय दाढेच्या स्वरूपात मोबदला कबूल केल्याने अट क्र. ४१ चा भंग झाला आहे. तीन: पॉलिसी बंद करण्याची पूर्वसूचना तीन महिन्यांची असून तोवर सर्व अटी, विशेषतः वायर अखंड जोडलेली ठेवण्याची अट, लागू राहील. चार: घटनेत माहितीसाठा क्र. १ (सजीव) याचा वापर झाल्याने तो आता पुरावा ठरतो. तरी तज्ज्ञ येईपर्यंत त्यास जागेवरून हलवू नये, बदलू नये, तसेच निर्लेखित करू नये.

सोबत एक चिकटपट्टी होती: 'मोहोरबंद. हलवल्यास कारवाई.' डॉक्टरांनी ती हेबर्लेबाईंच्या खुर्चीच्या पाठीला लावली. सरळ लागली की नाही, हे त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. दवाखान्याला सात महिन्यांत मिळालेला हा पहिला शिक्का होता.

गुरुवार, एक ऑक्टोबर. नवी तिमाही. दवाखाना खच्चून भरलेला, प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड. बरोबर दहा अडतीसला तिशीचा एक तरुण आत आला. एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट. त्याने पाय पुसले.

"दहा चाळीस," तो पुटपुटला. "मार्को."

"बसा, बसा! अरे देवा, सांगितलं तसाच सुजलाय," हेबर्लेबाई म्हणाल्या. "कार्ड?"

मार्कोने सगळे खिसे चाचपले. मग आतले. "घरी राहिलं. तीन तास रेल्वेने आलोय हो. फोनमध्ये फोटो आहे, दाखवू?"

"फोटो चालत नाही."

"बाई, सोमवारी मी तुम्हाला सगळं..."

"सोमवारी जुनी तिमाही होती," हेबर्लेबाई म्हणाल्या आणि बोटाने पाटी दाखवली.

डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांनी मार्कोचा गाल पाहिला, झाडूच्या कपाटाकडे पाहिलं, स्क्रूने बसवलेली वायर पाहिली. "हेबर्लेबाई, या एका वेळेला..."

"माझ्यात काही बदल करायचा नाही, डॉक्टर. पुरावा आहे मी."

डॉक्टरांनी मदतीसाठी बाकांकडे पाहिलं. बाकांवर चौदाजण होते. क्लिंगबाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा हवा. ग्योत्सराव म्हणाले, उद्या मग कुणीही उठेल आणि फोटो दाखवेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपापलं कार्ड जरा वर धरलं. डॉक्टरांना त्यांचा राग आला. पण तुम्ही त्या बाकावर असता, हातात कार्ड असतं आणि तुमचा नंबर मार्कोच्या मागे असता, तर तुम्ही काय म्हणाला असता, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

जाताना मार्कोने दार हळूच लावून घेतलं. रेल्वे स्टेशन दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे आणि फलाटावर इंटरनेट फुकट मिळतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी चारही पडदे काळे झाले. मदतीचा चौकोन या वेळी नव्हता.